गाडी येईपर्यंत

भररस्त्यात कुत्र्याला गाडीनं उडवलं की दोन मिनिटांत दहा माणसं जमतात. कुणी बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडावर ओततं, कुणी समोरच्या टपरीवरून पुडा आणून बिस्किटं टाकतं, कुणी "हळद लावा, हळद" असं सांगून बस पकडायला धावतं. तीनचार जण फोन लावतात. एखाद्या संस्थेचा नंबर लागतो, पत्ता सांगून होतो आणि ‘गाडी येतेय’ एवढं ऐकलं की गर्दी पांगते. तासाभरानं डॉगव्हॅन येते तेव्हा जागेवर रक्ताचा डाग असतो, कुत्रा नसतो. तेवढ्या वेळात तो कसाबसा उठून पार्किंगच्या कोपऱ्यात, गटाराच्या पाइपात नाहीतर बंद गाळ्याच्या पायरीखाली जाऊन पडलेला असतो. सापडतो तो आठ दिवसांनी, वासावरून.

मुंबई महापालिकेनं २०१४ साली मोजणी केली तेव्हा शहरात ९५ हजारांहून अधिक भटकी कुत्री निघाली. २०१९च्या पशुगणनेत देशाचा आकडा दीड कोटीच्या पुढे गेला. एवढ्या जिवांसाठी धावणाऱ्या गाड्या मुंबई-पुण्यातसुद्धा पुऱ्या पडत नाहीत. तालुक्याच्या गावी तर अशी गाडी असते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. तेव्हा कुत्रा वाचणार की नाही हे बऱ्याचदा डॉक्टरच्या टेबलावर ठरत नाही. ते गाडी येईपर्यंत त्याच्याजवळ कोण थांबलं आणि थांबून त्यानं काय केलं, त्याहीपेक्षा काय केलं नाही, यावर ठरतं.

पहिली गोष्ट म्हणजे जखमी कुत्रा चावतो. रोज पायात घोटाळणारा, सोसायटीच्या पोरांनी शेपटी ओढली तरी न गुरगुरणारा मोत्यासुद्धा मोडलेल्या पायाला हात लागला की चावतो. त्यात राग नसतो, वेदना असते. म्हणून माहीतगार माणूस आधी रहदारी बघतो, स्वतःची गाडी इंडिकेटर लावून आडवी उभी करतो आणि मग कुत्र्याकडे समोरून न जाता थोडा बाजूनं जातो. डोळ्यांत डोळे घालत नाही, तोंडाजवळ तोंड नेत नाही, आवाज खालचा ठेवतो. मग तोंड बांधायचं. त्यासाठी दुकानातला पट्टाच हवा असं नाही, ओढणी किंवा रुंद गॉझ बँडेज पुरतं. सैल सुरगाठीचा फास दुरूनच नाकाडावर टाकायचा, आवळायचा, दोन्ही टोकं हनुवटीखाली एकमेकांवरून नेऊन कानांमागे बांधायची. सोडताना एका झटक्यात सुटेल अशी गाठ हवी. मात्र कुत्रा ओकत असेल, धापा टाकत असेल, नाकातोंडातून रक्त येत असेल तर तोंड बांधायचं नाही. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच अंगातली उष्णता घालवतो. बांधलेल्या तोंडानं उन्हात पडलेला कुत्रा जखमेआधी गरमीनं जायचा.

लहान कुत्रं असेल तर जाड चादर किंवा गोणपाट अंगावर टाकून गुंडाळून उचलता येतं. मोठ्याला उचलायचं म्हणजे कणा सरळ ठेवायला हवा. दोघांनी पुढचे-मागचे पाय धरून लोंबकळत नेणं हा सगळ्यात वाईट प्रकार, आणि सगळ्यात जास्त तोच होतो. प्लायवूडचा तुकडा, दुकानाची पाटी, जुना कॅरम बोर्ड असं काहीही सपाट मिळालं तर कुत्र्याला त्यावर सरकवावं, नाहीच मिळालं तर चादर ताणून धरावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपड्याची घडी जखमेवर दाबून धरायची आणि निदान पाच मिनिटं ती उचलून बघायची नाही. कपडा भिजला तर त्याच्यावर दुसरा ठेवायचा. हळद, कॉफीची पूड, चुना यांतलं काही नको. डॉक्टरला नंतर तेच सगळं खरवडून काढावं लागतं आणि जखम खरी केवढी आहे तेही कळत नाही.

त्या वेळात आणखी एक गोष्ट करता येते. कुत्रा शांत असेल आणि तोंड बांधलेलं असेल तर वरचा ओठ थोडा उचलून हिरडी बघावी. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. तिच्यावर बोट दाबून सोडलं की पांढरा ठिपका उमटतो आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. हिरडी आधीच पांढरीफटक असेल किंवा रंग परतायला वेळ लागत असेल, तर रक्तदाब कोसळतो आहे, कदाचित आत रक्तस्राव होतो आहे. हे फोनवर डॉक्टरला सांगितलं तर तो तयारीत राहतो. निळसर हिरडी म्हणजे प्राणवायू कमी पडतोय. अशा कुत्र्याला पांघरूण घालून ऊब द्यावी आणि गाडीची वाट बघत न बसता रिक्षा करावी. रिक्षावाले नाही म्हणतात हे खरं. पण खाली प्लास्टिक अंथरलं आणि मीटरपेक्षा थोडे जास्त देऊ म्हटलं की तयार होणारेही निघतात.

पाणी पाजायचं नाही. लोकांना ही सूचना निर्दयपणाची वाटते. पण अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं, आणि तासाभरात भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं असलेलंच बरं. घरातली वेदनाशामक गोळीही द्यायची नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंड निकामी करतात. पॅरासिटामॉलनं यकृताला इजा होते. भारतातली गिधाडं ज्या औषधापायी संपत आली ते डायक्लोफिनॅकच. जनावरांसाठी त्याच्यावर २००६ साली बंदी आली, पण माणसांच्या औषधांच्या डब्यात ते अजून असतं आणि भूतदयेच्या भरात कुत्र्याच्या घशात जातं.

आणि ‘उठून चालायला लागला, म्हणजे काही झालं नाही’ हा समज तर मुळातून काढून टाकावा असा. गाडीचा धक्का बसलेल्या कुत्र्याच्या छातीपोटामधला पडदा फाटून आतडी छातीत घुसलेली असू शकतात, मूत्राशय फुटलेलं असू शकतं, प्लीहेतून हळूहळू रक्त झिरपत असू शकतं. अंगावर खरचटल्याची खूण नसलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी मरून पडतो आणि लोक म्हणतात, कुणीतरी विष घातलं. निदान एक दिवस त्याच्यावर नजर हवी. लघवी होते का, खातो का, श्वास घेताना पोट जोरानं आत ओढतो का, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

याच्या नेमकं उलट प्रकरण किड्यांचं. पावसाळा लागला की प्राणिसंस्थांचे फोन एका वाक्यानं भरून जातात: "कुत्र्याला किडे पडलेत." साधी चाव्याची नाहीतर खरचटल्याची जखम, तीही कानामागे, मानेवर, पाठीवर, म्हणजे जिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही तिथे. त्यावर माशी अंडी घालते, दिवसभरात अळ्या बाहेर येतात आणि जिवंत मांस खात आत शिरतात. चारपाच दिवसांत डोक्याला मूठ जाईल एवढा खड्डा पडतो. वास असा सुटतो की कुत्र्याला हाकलून लावलं जातं, आणि हाकललेला कुत्रा अंधाऱ्या जागेत जाऊन बसतो. बघणाऱ्याला वाटतं, आता हा काही वाचत नाही. पण दिसतं तसं नसतं. वेळेत हाती लागला तर हाच कुत्रा तीनचार आठवड्यांत असा बरा होतो की पुढे जखमेची जागा शोधावी लागते.

उपचारही आकाशातून पडलेला नाही. जखमेभोवतीचे केस कापायचे, अळ्या मारणारा फवारा किंवा पूड आत घालायची, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि चिमट्यानं एकेक अळी बाहेर काढायची. मेलेल्या अळ्या आत राहिल्या तर कुजतात, म्हणून आज काढल्या तरी उद्या आणि परवा पुन्हा बघायचं. डॉक्टर प्रतिजैविक आणि वेदनाशामक ठरवून देतो. डोळ्याजवळ किंवा कानाच्या आत जखम असेल तर फवारा स्वतःच्या मनानं मारायचा नाही. रॉकेल, पेट्रोल, फिनेल, डांबराच्या गोळ्यांची पूड हे घरोघरचे उपाय अळ्या मारतात हे खरं, पण सोबत मांसही भाजतात, आणि कुत्रा तेच चाटून विषबाधेनं आजारी पडतो. चिमटा हातात धरायला मन घट्ट लागतं. पण घरकाम करणाऱ्या बाया, वॉचमन, कॉलेजची मुलं हे काम शिकून सफाईनं करतात.

मुंबईत १९८५ साली सुरू झालेल्या ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ या संस्थेनं नेमकं हेच धोरण धरलं. शक्य तेवढ्या कुत्र्यांना जागेवर जाऊन मलमपट्टी करायची आणि गल्लीतल्या माणसांना ती शिकवायची. कुत्र्याला न हलवण्यामागे कारण आहे. रुग्णालयाच्या पिंजऱ्यांत रस्तोरस्तीची कुत्री एकत्र येतात. पायाच्या जखमेसाठी दाखल झालेलं लस न दिलेलं पिल्लू तिथे डिस्टेंपर किंवा पार्व्होसारखा संसर्ग घेऊन बसतं आणि पाय बरा व्हायच्या आत दगावतं. त्यामुळे ‘उचलून दवाखान्यात टाकलं’ म्हणजे सुटका झाली, असं नाही. हाड मोडलंय, शस्त्रक्रिया लागणार आहे, कुत्रा उठत नाही, तिथे दवाखाना हवाच. कानामागच्या जखमेला मात्र रोज संध्याकाळी दहा मिनिटं देणारा एक माणूस पुरतो. तो माणूस मिळणं हेच अवघड.

मोठ्या दुखापतीसाठी मुंबईकर पिढ्यान् पिढ्या एकच पत्ता सांगत आले आहेत: परळचं बैलघोडा हॉस्पिटल. पाटीवरचं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८३ साली ते उभं राहिलं आणि त्यांच्या पत्नीचं नाव त्याला मिळालं. चालवते ती १८७४ साली स्थापन झालेली बॉम्बे एसपीसीए ही प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था. बैल आणि घोडा हे त्या काळाच्या मुंबईचे खरे कामगार. शहरातली ट्रामसुद्धा १८७४ पासून १९०५ पर्यंत घोडेच ओढत होते. याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आज ओपीडीच्या रांगेत बैल-घोडे क्वचित दिसतात, कुत्र्या-मांजरांची मात्र रीघ असते.

कुत्र्यासाठी मुंबई हे हॉस्पिटल होण्याआधीही रस्त्यावर उतरली होती. कंपनी सरकारनं उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढून मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस लावलं होतं. ६ जून १८३२ रोजी फोर्टमध्ये शिपाई घरांच्या दारातली कुत्री मारू लागले आणि पारशी मंडळी त्यांच्यावर धावून गेली. पारशी धर्मात कुत्र्याला मानाचं स्थान, त्यात तो दिवस त्यांच्या सणाचा. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली आणि गोऱ्या पलटणीची रसद अडली. पुढे दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकारानं भुलेश्वरजवळचा पांजरापोळ उभा राहिला, तो या कुत्र्यांना थारा देण्याच्या विचारातूनच. आज तिथे मुख्यतः गाई दिसतात, म्हणून ही हकिगत सांगितली तर अनेकांना खोटी वाटते.

महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचं मोठं प्राणी रुग्णालय सुरू झालं. त्याच वर्षी जूनमध्ये रतन टाटांनी समाजमाध्यमावर एक विनंती टाकली होती: तिथे दाखल असलेल्या सात महिन्यांच्या कुत्र्याला गोचीड ताप असावा, अंगातलं रक्त फार कमी झालंय, रक्तदाता कुत्रा हवा आहे. कुत्र्यांमध्येही रक्तदान असतं हे अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दाता साधारण पंचवीस किलोच्या वरचा, तरुण, लसी झालेला आणि निरोगी लागतो. रस्त्यावरचं देशी कुत्रं सहसा तेवढं वजनदार नसतं. म्हणजे फ्लॅटमधल्या लॅब्रेडॉरचं रक्त नाक्यावरच्या काळूच्या अंगात जातं. पाळीव आणि भटका या भेदावर सोसायट्यांच्या सभांमध्ये तासन् तास वाद होतात, तिथे ही माहिती कुणीतरी वाचून दाखवायला हरकत नाही.

रेबीजबद्दल बोलल्याशिवाय यातलं काहीच बोलू नये. हा रोग लाळेतून पसरतो, लक्षणं दिसू लागली की माणूस काय नि कुत्रा काय, जवळपास कुणी वाचत नाही, आणि जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं त्यानं दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पिसाळलेला कुत्रा म्हटलं की अंगावर धावून येणारा डोळ्यांसमोर येतो. मदत करू जाणाऱ्याला खरा धोका दुसऱ्याच प्रकारात असतो. तो कुत्रा मुका होतो. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो, चाल झोकांड्या खाते. बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय, नाहीतर जबडा मोडलाय. आणि तो दयेनं तोंडात हात घालतो. डिस्टेंपरचीही काही लक्षणं अशीच. फरक रस्त्यावर उभं राहून कुणालाच सांगता येत नाही, म्हणून लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाजवळ हात न्यायचा नाही. त्याला कोंडता आलं तर कोंडावं, लोकांना दूर ठेवावं आणि संस्थेला किंवा पालिकेला कळवावं.

दात लागले, नख लागलं, फुटलेल्या कातडीवर लाळ पडली, तर सर्वात आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. मिरची, चुना, तेल, काही नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली पोटातली चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली आहेत. ती जुनी लस भारतात २००५ नंतर वापरात नाही. आता दंडात पाच इंजेक्शनं, पहिलं लगेच आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर सोबत जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन. चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचा असतो, पण म्हणून पहिलं इंजेक्शन लांबवायचं नसतं. रेबीजचं हे गणित कुत्र्यांना लस देऊन बदलता येतं, हे गोव्यानं दाखवलं. २०१३ साली सुरू झालेली ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि गोवा सरकार यांनी गावोगाव फिरून वर्षानुवर्षं कुत्र्यांचं लसीकरण केलं. २०२१ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जाहीर केलं की गेल्या तीन वर्षांत राज्यात रेबीजचा एकही रुग्ण आढळलेला नाही.

कुत्रा टेबलावरून उतरला की बातमी संपते आणि काम सुरू होतं. कंबरेचं हाड मोडलेल्या कित्येक कुत्र्यांना शस्त्रक्रिया लागतच नाही. लागते ती पिंजऱ्यातली विश्रांती, चार ते सहा आठवडे, फक्त लघवी-शीपुरतं बाहेर काढून. आठवड्याभरात त्याला बरं वाटतं, तो उड्या मारायला बघतो, आणि दया येऊन त्याला मोकळं सोडणारा माणूस सांधत आलेलं हाड पुन्हा हलवतो. प्लास्टर घातलेल्या पायाची बोटं रोज बघायची. ती सुजली, गार पडली, किंवा पट्टीतून वास यायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर घालतात, ती नसेल तर प्लास्टिकच्या छोट्या बादलीचा तळ कापूनही करता येते.

पाय वाचवता आला नाही तर तो काढतात. हे ऐकून माणसं हळहळतात. कुत्रा मात्र काही दिवसांत तीन पायांवर पळायला लागतो. त्याचं अर्ध्याहून अधिक वजन पुढच्या दोन पायांवर असतं, त्यामुळे मागचा पाय गेलेला जास्त सहज सावरतो. कण्याची दुखापत ही वेगळी गोष्ट. मागचं अंग लुळं पडलेल्या कुत्र्याला दर तीनचार तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर अंगाला जखमा पडतात. दिवसातून तीनचारदा मूत्राशय हातानं दाबून रिकामं करावं लागतं. पीव्हीसी पाइप आणि छोट्या चाकांची गाडी करून अशा कुत्र्याला फिरवणारी माणसं आहेत, पुण्यात बावधनच्या रेस्क्यू या २००७ पासूनच्या संस्थेसारखी ठिकाणं आहेत. पण प्रत्येक लुळ्या कुत्र्याला असं घर मिळत नाही. पायाचं बोट चिमट्यानं जोरात दाबूनही त्याला काहीच जाणवत नसेल तर सुधारणेची आशा फार कमी असते. तेव्हा दयामरणाचा विचार करावा लागतो. बऱ्या न होणाऱ्या, असह्य यातनेतल्या कुत्र्याला डॉक्टरनं वेदनारहित मरण द्यायला नियमांत जागा आहे. फेसबुकवर असा निर्णय घेणाऱ्या संस्थांना शिव्या पडतात. शिव्या देणाऱ्यांपैकी कितीजण रात्री दोनला उठून मूत्राशय रिकामं करायला तयार असतात, ते कुणी विचारत नाही.

खाण्याचं फार अवघड नाही. दूध-बिस्किट सोडून मऊ भात, बिनहाडाचं उकडलेलं चिकन किंवा अंडं, थोडं दही. मसाला, कांदा, लसूण नको. शिजवलेली हाडं तुटून टोकदार होतात, ती आतडं फाडतात. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर घालू नये, थोडं थोडं चारपाचदा द्यावं.

बरा झालेला कुत्रा कुठे सोडायचा? २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचं उत्तर सोपं आहे: जिथून आणला तिथेच, नसबंदी आणि लस करून, कानाला ओळखीची खाच पाडून. दयेनं ‘चांगल्या’ भागात नेऊन सोडलेल्या कुत्र्याला तिथली टोळी फाडते. स्वतःच्या गल्लीतही दीड महिन्यानं परतलेल्याला जुने सोबती अंगावर घेतात, म्हणून पहिले काही दिवस खायला घालणाऱ्या माणसानं जवळ उभं राहावं. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये हेच परत सोडण्याचं तत्त्व मान्य केलं, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळून. नोव्हेंबर २०२५च्या आदेशात मात्र शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून उचललेली कुत्री तिथे परत सोडू नयेत असं सांगितलं. तेव्हा कुत्रा नेमका कुठून उचलला हे केसपेपरवर लिहून घेणं आता जास्तच महत्त्वाचं झालं आहे.

कायद्याबद्दल लोकांच्या कल्पना दोन टोकांच्या असतात. मरीन ड्राइव्हवर २०२० साली एका खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या तरुणाच्या दुचाकीखाली रस्ता ओलांडणारा कुत्रा आला. कुत्रा गेला, तरुणही पडून जखमी झाला, आणि त्याच्यावरच माणसाच्या जीविताला धोका पोचवण्याच्या कलमांखाली गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये तो रद्द केला, ही कलमं माणसासाठी आहेत असं स्पष्ट केलं आणि सरकारला त्या तरुणाला २० हजार रुपये द्यायला लावले. अपघात तो अपघात. मुद्दाम मारणं, अधू करणं हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजून दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे. वडापावच्या भावात सुटणारा हा दंड वाढवायला हवा, यात दुमत असायचं कारण नाही.

ज्यांना या कामात हात घालायचा आहे त्यांनी पाच गोष्टी कराव्यात. जवळच्या दोन पशुवैद्यांचे आणि एका रात्री उघड्या दवाखान्याचे नंबर फोन करून खात्री करून घ्यावेत. सरकारची १९६२ या फोन क्रमांकाची सेवा मुख्यतः गुरांसाठी असली तरी आपल्या तालुक्यात ती कुत्र्यांना बघते का हे विचारून ठेवावं. स्कूटरच्या डिकीत एक जुनी चादर, गॉझचा रोल आणि जाड हातमोजे टाकावेत. संस्थेला फोन केल्यावर स्वतः जागेवर थांबावं, आणि थांबता येणार नसेल तर समोरच्या पानवाल्याला किंवा वॉचमनला ‘याच्यावर लक्ष ठेव, यांचा फोन येईल’ असं सांगून त्याचा नंबर संस्थेला द्यावा. आणि रेबीजची चावण्याआधीची लस घ्यावी. ती पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि तीन ते चार आठवड्यांनी अशी तीन इंजेक्शनांची असते. ती झालेली असेल तर पुढे कुत्रा चावल्यावर दोनच इंजेक्शनं पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. चावल्यानंतरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. चावण्याआधीची सहसा स्वतःच्या पैशानं घ्यावी लागते.